डोंगरातल्या घराला मजला नको, शाकारणी हवी

मार्च सरला की सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावांत घरांची कामे निघतात. महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा, भंडारदरा, आंबोली, सगळीकडे मृगाच्या आत उरकून घ्यायची घाई असते. पूर्वी या घाईत मुख्य काम एकच असे: कौले उतरवायची, चाळायची, फुटकी बाजूला काढायची आणि छप्पर पुन्हा शाकारायचे. आता त्याच दिवसांत जेसीबीचा आवाज जास्त ऐकू येतो. बैठे कौलारू घर पाडून स्लॅबचे दुमजली घर उभे राहते, दरीकडच्या बाजूला काचेची भिंत येते, मागचा डोंगर खणून गाड्यांसाठी सपाट जागा होते आणि जमलेच तर पोहण्याचा तलावही. सुट्टीसाठी घेतलेल्या घरावर पैसा खर्च करायचा म्हणजे हे करायचे, अशी समजूत रुजली आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. सह्याद्रीत दरवर्षीची डागडुजी हीच घराची सर्वांत मोठी सुधारणा आहे. घर वाढवण्याने बहुतेक वेळा घराचे, त्याखालच्या उताराचे आणि उताराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे नुकसान होते. मालकांनी हे ओळखायला हवे आणि शासनाने ते नियमांत उतरवायला हवे.

या म्हणण्याचा आधार पाऊस आहे. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस होतो. तिथून काही तासांच्या अंतरावरच्या महाबळेश्वरात तो ५,५०० मिलिमीटरच्या आसपास जातो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये तर तिथे २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माथ्यावरचा पाऊस सरळ पडत नाही, वारा त्याला आडवा मारतो. तो थांबला तरी ढग घरात शिरून बसतात आणि आठवडेच्या आठवडे कपडे, गाद्या, भिंती काहीच सुकत नाही. जुन्या घराचा एकेक भाग या पाण्याचा विचार करून केलेला दिसतो. उंच जोते, जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, चांगल्या उताराचे छप्पर, भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण, वाऱ्याच्या तोंडाला पडवी, आणि पावसाळ्यापुरत्या बाहेरून बांधलेल्या गवताच्या झडी. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ती कौले पश्चिम किनाऱ्याने वर पसरली आणि घाटमाथ्यावरच्या बंगल्यांनीही ती उचलली, कारण अशा पावसात एवढे स्वस्त आणि सुटे सुटे बदलता येणारे दुसरे छप्पर उपलब्ध नव्हते.

सुटे सुटे बदलता येणे हाच कौलारू छपराचा मोठा गुण आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले की तेच छप्पर घर खाते. हे कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. मंगळुरी कौलाच्या कडेला खाच असते आणि शेजारच्या कौलाची कड तिच्यात बसते. झाडाचा पालापाचोळा आणि शेवाळ त्या खाचेत साचले की पाणी पुढे सरकण्याऐवजी आडवे पसरते आणि आत उतरते. फांदी पडून किंवा माकडाने उडी मारून एखादे कौल तडकते. खोलीत थेंब पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तो थेंब रिपेवर पडतो, रिपेवरून वाशावर येतो आणि वाशावरून घरंगळत त्याच्या खालच्या टोकाशी, म्हणजे वासा भिंतीवर टेकतो तिथे, जाऊन थांबतो. ती जागा अंधारी आणि बिनवाऱ्याची. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या बरीच वर जाऊन टिकली की त्याला कुजवणारी बुरशी धरते, आणि ओलसर लाकूड वाळवीलाही सोपे जाते. दोन-तीन पावसाळ्यांत वाशाचे टोक भुसभुशीत होते, पाखे खाली बसते, कौलांची ओळ सरकते आणि मग खरोखरच सगळीकडून गळू लागते. या टप्प्यावर मालकाला सांगितले जाते की जुने बांधकाम आहे, आता पाडलेलेच बरे. ज्या दुखण्याला सुरुवातीला एक कौल पुरले असते, ते अंगावर काढल्यामुळे घर गेलेले असते. दोष घराच्या वयाचा नसतो, न झालेल्या शाकारणीचा असतो.

आता त्याच्या जागी येणाऱ्या स्लॅबचे पाहू. सिमेंट काँक्रीटमधले लोखंड सुरक्षित राहते ते भोवतालचे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते म्हणून. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो धर्म कमी करतो. सततची ओल आणि हवा मिळाली की लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचे काँक्रीट फुटून खपल्या पडतात. चांगले काँक्रीट, सळईवर पुरेसे आवरण आणि नीट पाणी मारणे यांनी हे लांबवता येते, हे खरे. पण घाटातल्या वळणावळणाच्या रस्त्याच्या टोकाला, पावसाच्या आत संपवायच्या घाईत, या तीनही गोष्टी नीट होणे अवघड असते. सपाट गच्चीवर पाणी साचते, तडा जातो, मग कोबा, मग रसायनांचे थर, मग पुन्हा गळती. भिंतींचेही तसेच. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि ऊन पडले की बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला की ओल भिंतीतच कोंडते, रंगाला फुगे येतात आणि जांभा आतून झिजत राहतो. गळते कुठे आणि थर कुठे चढवतो, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझ्या मते या वादाचा निकाल कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या लोकांनीच दिला आहे. कुठल्याही गावात मान वर करून पाहा, स्लॅबच्या घरांवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे उतरते छप्पर चढवलेले दिसेल. म्हणजे स्लॅबचा खर्च केला, आणि पावसाने शेवटी उतरते छप्पर करायलाच लावले.

घराच्या आतले नुकसान मालकाच्या खिशापुरते राहते. जमिनीचे तसे नाही. मजला वाढला की पाया वाढतो, गाड्यांना जागा लागते, आणि उतारावर सपाट जागा मिळते ती डोंगर कापूनच. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर जांभा आहे, त्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमातीसारखा थर आणि मग काळा पाषाण. जांभ्यातून पाणी झिरपते, मऊ थरावर अडते आणि उताराच्या कडेने वाट काढते. ही वाट कापलेल्या जागी उघडी पडते. तिथे काँक्रीटची धारक भिंत उभी करून तिच्यात पाणी निघायला भोके ठेवली नाहीत, मागे खडीचा भराव केला नाही, तर त्या भिंतीमागे पाण्याचा दाब साठत जातो. भिंत फुटली नाही तरी पाणी दुसरीकडे वळते, आणि ते कुठे वळेल हे मालकाच्या हातात नसते. राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर कापाकापी, भराव आणि बांधकाम यांना मनाई आहे ती याच कारणाने. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी ही गावे दरडींखाली गेली. या दुर्घटना सुट्टीच्या बंगल्यांमुळे झाल्या असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे चूक ठरेल. पण डोंगराच्या पोटातले पाणी किती माणसांचा जीव घेऊ शकते आणि तो जीव कोणाचा जातो, हे या तीन नावांनी दाखवले आहे. इरशाळवाडी ठाकर आदिवासींची वाडी होती. उताराला सातबाऱ्यावरच्या हद्दी कळत नाहीत. वरच्या माणसाने हौसेने वळवलेले पाणी खालच्या वस्तीच्या अंगणात येते, आणि तिथल्या माणसाकडे दुसरे घर नसते.

म्हणजे जुन्या घरात अंधार, ओल आणि गैरसोय सोसत राहायचे का? अजिबात नाही. मूळ जोत्याच्या आत आणि मूळ छपराच्या खाली सुधारणेला भरपूर वाव आहे. कौलांखाली पाणी अडवणारी पातळ चादर घातली तर एखादे कौल फुटले तरी थेंब वाशापर्यंत जात नाही. त्याखाली फळ्यांचे छत केले तर उन्हाळ्यात उष्णता आणि थंडीत गारठा कमी होतो. अधूनमधून काचेची कौले बसवली की दिवसा दिवा लागत नाही. सागवान परवडत नसेल तर त्याच उताराचा लोखंडी पाइपांचा सांगाडा करावा आणि वर तीच जुनी कौले बसवावीत. सांगाड्याला रंग मात्र नेमाने द्यायला हवा. संडास-मोरीची सुधारणा तर सक्तीचीच मानायला हवी. जांभ्यात साधा शोषखड्डा खणून त्यात मैला सोडणे म्हणजे खालच्या झऱ्यात तो सोडणे. योग्य मापाची सेप्टिक टाकी आणि तिच्या पाण्यासाठी झाडे लावलेल्या वाफ्याची गाळणी यावर केलेला खर्च दिसत नाही, पण काचेच्या भिंतीपेक्षा तो शंभर पटींनी मोलाचा आहे. पाण्याचा हिशेबही पाहा. १०० चौरस मीटरच्या छपरावर महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच लाख लिटर पाणी पडते. १०० मिलिमीटर पावसाचा एक दिवस १०,००० लिटर देतो. वळचणीला पन्हळ लावून, पहिल्या सरींचे पाणी सोडून, उरलेले गाळून एका बंदिस्त टाकीत घेतले तर वर्षातले थोडेच दिवस राबता असलेल्या घराची गरज त्यातून भागू शकते. एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत गावोगाव टँकर फिरतात आणि तेच पाणी बंगल्यांच्या टाक्यांतही ओतले जाते, हे मला सर्वांत अधिक खटकते.

यावर येणारे आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप असा की कौले मिळत नाहीत, लाकूड मिळत नाही आणि शाकारणी करणारे हात उरले नाहीत. मंगळूरकडचे कितीतरी कारखाने बंद पडले, हे सत्य आहे. पण आज बाजारात जुनी कौले विकायला येतात ती पाडलेल्या घरांचीच. चांगली भाजलेली कौले पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, ती नुसती हवी त्या घरापर्यंत पोचत नाहीत. डोंगरातल्या प्रत्येक नगरपालिकेने पाडकामातून निघणारी कौले, वासे आणि चिरे जमा करून विकण्यासाठी एक आवार ठेवले, तर हा प्रश्न बराच सुटेल. कारागिरांचे म्हणाल तर काम नाही म्हणून ते गेले. दरवर्षी चार महिने काम मिळेल अशी खात्री असेल तर सुताराचा आणि गवंड्याचा मुलगा ते शिकेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कौलारू छपराचे आणि चुन्याच्या कामाचे छोटे अभ्यासक्रम सुरू करायला मोठा निधी लागत नाही. नव्या बांधकामामुळे रोजगार मिळतो असे सांगितले जाते. तो मिळतो, पण एकदाच, आणि बहुतांशी ठेकेदाराने बाहेरून आणलेल्या टोळीला. डागडुजीचा पैसा मुख्यतः मजुरीचा असतो आणि तो दरवर्षी त्याच गावात राहतो.

दुसरा आक्षेप माकडांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माथेरान किंवा महाबळेश्वरात माकडांची टोळी एका दुपारी कौलांची पूर्ण ओळ विस्कटून जाते. त्यावर उपाय म्हणजे छपरावर आलेल्या फांद्या तोडणे, कचरा आणि अन्न उघड्यावर न ठेवणे, आणि कौलांखाली चादर किंवा पत्रा घालणे. पर्यटकांनी माकडांना खायला घालणे बंद झाले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा: जुने घर कोसळले तर? जिथे भिंत फुगली आहे, पाया खचला आहे, तिथे ते उतरवायलाच हवे, त्यात दुमत नाही. पण ते ठरवण्यासाठी बांधकाम अभियंत्याने वाशाची टोके, भिंतीचा ओळंबा आणि जोत्याभोवतीचे पाणी तपासलेले असावे. नव्या घराचा ठेका ज्याला मिळणार त्याच्या शब्दावर ते ठरू नये. आणि पाडलेच तर नवे घर त्याच जोत्यावर, तेवढ्याच उंचीचे, उतरत्या छपराचे व्हावे.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गावातल्या माणसाचे काय? त्याची मुले मोठी होतात, खोल्या वाढवाव्या लागतात, पर्यटकांना दोन खोल्या देऊन त्याचे घर चालते. शहरातल्या मालकाच्या हौसेसाठी केलेला नियम याच्या गळ्यात का बांधायचा? बांधू नये. गावठाणात वर्षाचे बारा महिने राहणाऱ्या कुटुंबाची गरज आणि वर्षातून काही आठवडे उघडणाऱ्या घराची हौस यांत फरक आहे, आणि नियमांनीही तो फरक केला पाहिजे. स्थानिक कुटुंबाला सुरक्षित जागी घर वाढवण्याची मुभा असावी, त्यासाठी तांत्रिक मदतही मिळावी. माझी मर्यादेची मागणी दुसऱ्या घरांसाठी आहे.

इथे शासनाचा भाग येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार घराच्या आतल्या किंवा बाहेरचे रूप फारसे न बदलणाऱ्या देखभालीच्या आणि सुधारणेच्या कामांना परवानगी लागत नाही. ही चांगली तरतूद आहे आणि ती लोकांना नीट समजावून सांगितली जात नाही. ‘परवानगीच मिळत नाही’ या भीतीने साधी कामेही खोळंबतात आणि घर आणखी खचते. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलेल्या क्षेत्रांत तर ही भीती अधिकच आहे. महाबळेश्वर-पाचगणीची अधिसूचना २००१ ची आणि माथेरानची २००३ ची; म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ बांधकामांवर बंधने तिथे आहेत. पश्चिम घाटासाठी केंद्राने ३१ जुलै २०२४ ला अशाच अधिसूचनेचा पुन्हा मसुदा काढला, ज्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या मोठ्या बांधकाम प्रकल्पांना मनाई सुचवली आहे, आणि आधीच्या राहत्या घरांची दुरुस्ती, वाढ आणि नूतनीकरण यांवर प्रचलित कायद्यांपलीकडे बंधन नसेल असे म्हटले आहे. लोकांच्या मनातली धास्ती घालवायला ते वाक्य घातले असावे. पण दुरुस्ती आणि वाढ एकाच पंगतीत बसवणे ही त्यातली मोठी उणीव आहे. एका कामाने डोंगरावरचा भार आहे तेवढाच राहतो, दुसऱ्याने तो वाढतो. हजारो छोट्या घरांची थोडी थोडी वाढ २०,००० चौरस मीटरच्या मर्यादेत कधीच सापडणार नाही, आणि उतार कापला जातो तो अशाच वाढींनी.

बंद घराचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो पूर्णपणे मालकाच्या हातातला आहे. राबते घर ओल कमी धरते. पूर्वी चुलीचा धूर वाशांना लागे आणि कीड दूर राही. बंद बंगल्यात हवा खेळत नाही, म्हणून तिथे बुरशी आधी येते. असे घर राखणाऱ्या माणसाला बहुधा तुटपुंजा पगार आणि शून्य अधिकार असतात. कौल फुटलेले त्याला दिसते, पण शंभर रुपये खर्चायला त्याला शहरात फोन करावा लागतो. त्याला वर्षभराचा योग्य पगार, डागडुजीसाठी हातात थोडी रक्कम आणि निर्णयाची मुभा द्यावी. जून-जुलैत आठवड्यातून दोनदा घर उघडून वारा द्यायचा, मुसळधार पावसात पोटमाळ्यावर बॅटरी घेऊन वाशांची टोके पाहायची, जोत्याभोवतीचे चर आणि धारक भिंतीची भोके मोकळी ठेवायची, ही कामे त्याच्याइतकी चांगली कोणी करणार नाही.

डोंगरात दुसरे घर असलेल्यांना माझी विनंती आहे की नवा आराखडा काढायला कोणाला बोलावण्याआधी भर जुलैत काही दिवस त्या घरात राहा. पाणी कुठून येते, कुठे मुरते आणि कुंपणाबाहेर कोणाच्या दारात जाते ते पाहा, आणि पहिला खर्च त्यावर करा. राज्य शासनाने पश्चिम घाटाच्या मसुद्यातली ‘दुरुस्ती’ आणि ‘वाढ’ वेगळी करण्याची सूचना केंद्राला करावी: दुरुस्तीसाठी घरपट्टीत सवलत आणि विनाविलंब मंजुरी, दुसऱ्या घरांच्या वाढीसाठी उताराची आणि पाण्याच्या वाटेची तपासणी सक्तीची. अधिसूचना एकदा अंतिम झाली की हा बदल करून घेणे कितीतरी अवघड जाईल.